बोथट हत्यार सुरक्षित असतं, असं कोणी सांगितलं?



आमच्या शाळेच्या कार्यशाळेला दीड वर्ष कुलूप होतं. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाला देत नाही.

झालं ते असं. कार्यानुभवाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि ‘बाई, तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हाला जमेल’ म्हणून तो तास माझ्या वेळापत्रकात येऊन बसला. कार्यशाळेत लाकूड कातायचा एक छोटा लेथ होता, एका माजी विद्यार्थ्याने दिलेला. सोबत लाल खोक्यात आठ हत्यारांचा संच. मी व्हिडिओ बघून, दोन सुट्ट्या घालवून, तो चालवायला शिकले आणि आठवीच्या मुलांना लाटणं कातायला शिकवू लागले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाचं हत्यार लाकडात रुतलं, जोरात झटका बसला आणि त्याचा अंगठा हत्यार आणि टेकणाच्या मध्ये सापडला. हाड शाबूत राहिलं, पण नख काळंनिळं होऊन पुढे गळून पडलं.

त्या दिवशी सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: मुलांच्या हातात धारदार वस्तू देऊच नये. मीही मान डोलावली आणि कुलूप लावलं. ते हत्यार खरंच धारदार होतं का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

नव्हतं. तेच आज सांगायचं आहे.

आमच्या तालुक्याच्या गावात एक कातारी काका आहेत. पाळण्याचे खांब, पलंगाचे खूर, लाटणी, रव्या असं सगळं कातून देतात. दीड वर्षानंतर एकदा घरचं लाटणं घ्यायला गेले असताना सहज त्या अपघाताची गोष्ट काढली. काका म्हणाले, ‘बाई, ते हत्यार घेऊन या बघू.’ दुसऱ्या दिवशी लाल खोकं घेऊन गेले. त्यांनी त्यातली गोल पटाशी उचलली, उजेडाकडे धरली आणि मला जवळ बोलावलं. धारेवर एक बारीक पांढरी रेघ चमकत होती. ‘ही दिसते ना, ती धार नाही. तो धारेचा सपाट झालेला काठ. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही.’ मग दुसरी, तिसरी. आठही हत्यारांवर तीच पांढरी रेघ. कारखान्यातून आकार दिलेली हत्यारं होती, धार कुणी लावलीच नव्हती. आणि मी तशीच मुलांच्या हातात दिली होती. एवढंच नाही, नवी आहेत म्हणजे धारदार असणार, असंही त्यांना सांगितलं होतं.

बोथट हत्यार लाकूड कापत नाही, ते लाकडावर घसरतं. घसरतंय म्हटल्यावर मूल जोर लावतं. जोर लावला की टोक एकदम आत घुसतं, आणि पलीकडे अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर आहे, ती काही मुलाची वाट बघत नाही. धारदार हत्याराला जोर लागतच नाही, नुसतं टेकवून धरायचं असतं. घरात भाजी चिरणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. बोट कापतं ते बोथट सुरीनं टोमॅटो चिरताना. शाळेत आल्यावर आपण हे विसरतो.

काकांच्या दुकानातून परत आले आणि ठरवलं की कुलूप काढायचं, पण आधी हत्यार बदलायचं. सुरुवातीच्या कामाला जी गोल पटाशी लागते तिला इंग्रजीत रफिंग गाऊज म्हणतात. चौकोनी लाकूड पहिल्यांदा गोल करण्याचं काम तिचं. पन्हाळीसारखा खोलगट आकार, काठ सरळ कापलेला, उताराचा कोन साधारण ४५ अंश. मी तीन आणल्या. एक बाजारातली साध्या पोलादाची, लाल खोक्यातल्यासारखीच पण जरा जाड. दुसरी हायस्पीड स्टीलची, २० मिलिमीटर रुंद, मागवून घेतलेली आणि माझ्या खिशाला बऱ्यापैकी जड गेलेली. तिसरी गावातल्या लोहारांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवून दिलेली, जिच्यासारख्या चार हायस्पीडच्या एकाच्या पैशात आल्या असत्या. तिन्हींना काकांच्या देखरेखीखाली धार लावली आणि रविवारी शाळेत एकटीच बसून आंब्याच्या ४० मिलिमीटरच्या चौकोनी तुकड्यांवर चालवून बघितली.

इथे जरा थांबून लाकडाबद्दल सांगते, कारण माझी मूळ चूक इथेच होती. चौकोनी तुकडा लेथवर बसवला की त्याचा सपाट भाग मध्यापासून २० मिलिमीटरवर असतो, पण कोपरा २८ मिलिमीटरवर. कर्ण, दुसरं काही नाही, शाळेतला पायथागोरस. तुकडा फिरायला लागला की कोपरे दिसत नाहीत, नुसती धूसर सावली दिसते आणि आत घट्ट लाकूड दिसतं. मूल त्या घट्ट लाकडाकडे बघून हत्यार पुढे नेतं आणि वाटेत सावलीतले कोपरे येऊन आदळतात. मिनिटाला ६०० फेरे असतील तर सेकंदाला दहा फेरे आणि चाळीस कोपरे. दोन कोपऱ्यांच्या मध्ये हत्याराखाली आठ मिलिमीटरपर्यंत पोकळी. म्हणजे सुरुवातीचा काही वेळ हत्याराला टेकायला लाकूड सलग मिळतच नाही. या कामाला खोलगट, भक्कम हत्यार का लागतं ते यावरून कळेल. त्या दिवशी त्या मुलाच्या हातात मी चपटी पटाशी दिली होती. तिचा एक कोपरा रुतायला पुरेसा असतो.

दुसरी चूक टेकणाची. टेकण म्हणजे टूल रेस्ट, ज्यावर हत्यार ठेवायचं ती पट्टी. ती लाकडापासून चार-पाच सेंटिमीटर लांब राहिली होती. सहावी-सातवीत आपण तरफ शिकवतो. टेकण हा टेकू, पुढचं टोक ही भारभुजा, मागची मूठ ही बलभुजा. ४५ सेंटिमीटरचं हत्यार एक सेंटिमीटर पुढे असेल तर मागे ४४ राहतात. पाच पुढे असेल तर मागे ४०. प्रमाण ४४ वरून एकदम ८ वर. तोच झटका आवरायला मुलाला पाचपटीहून जास्त जोर लागणार. मी ही गणितं दरवर्षी फळ्यावर सोडवते, आणि माझ्याच कार्यशाळेत ती मला दिसली नाहीत. म्हणून आता आमचा नियम आहे: टेकण जवळ आणायचं, मग मोटर सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून चारही कोपरे मोकळे जातात ना ते बघायचं.

आता पटाश्यांकडे. बाजारातली पटाशी एका लाटण्यात दमली. दुसऱ्या तुकड्यावर छिलके यायचे थांबले आणि भुसा उडायला लागला. भुसा उडायला लागला की समजावं, हत्यार आता कापत नाही, खरवडतंय. ती मी बाजूला ठेवली. तिचा मुठीत जाणारा शेपटाही इतका बारीक आहे की मुलांच्या हाती द्यायचा प्रश्नच नाही.

हायस्पीडची पटाशी खरोखर सुंदर चालते. मूठ खाली धरून उतार लाकडावर टेकवायचा, त्या वेळी ती नुसती घासत राहते, कापत नाही. मग मूठ हळूहळू वर उचलायची, आणि एका क्षणी छिलके सुरू होतात. अंगावर, केसांत, टेबलावर नुसता पाऊस. टेलस्टॉकच्या टोकापासून दोन इंच आत सुरुवात करून टोकाकडे यायचं, मग अजून थोडं आत जाऊन पुन्हा टोकाकडे. अगदी टोकापासून आत घुसायचं नाही, लाकडाचा मोठा तुकडा फाटून उडू शकतो. कोपरे जात जातात तसा खडखडाट कमी होतो. पूर्ण गोल झालं की आवाज गुळगुळीत होतो, आणि डोळे मिटूनही कळतं. या धारेने मी पाच लाटणी गोल केली तरी पांढरी रेघ दिसली नाही. हायस्पीड स्टील साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरी कडकपणा सोडत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं, ते हाताला कळलं.

लोहाराच्या पटाशीने दोन लाटणी नीट केली, तिसऱ्याला कुरकुर सुरू. पुन्हा धार, पुन्हा दोन.

म्हणजे हायस्पीडचीच घ्यायची, असंच मलाही वाटलं होतं. मुख्याध्यापकांकडे तशी मागणीही लिहून ठेवली होती. (त्यात ‘हत्यारे’ असा शब्द होता. ‘हत्यारे नका लिहू, साहित्य लिहा, वर चौकशी होईल’ म्हणून अर्ज परत आला, ते जाऊ द्या.) मग मुलांबरोबर दोन महिने दोन्ही पटाश्या वापरल्या आणि माझं मत फिरलं.

हायस्पीडची धार इतकी टिकते की मुलं धार ही गोष्टच विसरतात. आठवडाभर कुणी उजेडात धरून बघत नाही. ‘बाई, ती भारीवाली आहे, तिला काय होतंय!’ आणि ती जेव्हा बोथट होते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, सगळे जोर लावायला लागतात. म्हणजे फिरून लाल खोक्यापाशीच. लोहाराची पटाशी मात्र दर तासाला धार मागते. त्यामुळे प्रत्येक मुलाचा नंबर निसण्यावर लागतो. आणि माझ्या मते शाळेतल्या लेथवर शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. लाटणं बाजारात मिळतं. आपल्या हातातलं हत्यार ठीक आहे का, हे वापरण्याआधी स्वतः बघण्याची सवय बाजारात मिळत नाही.

धार लावायला आम्ही मोटरचा ग्राइंडर मुलांना देत नाही. हाताने फिरवायचा छोटा ग्राइंडर घेतला आहे. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने पटाशी टेकवून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवायची, दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे. आधी उतारावर मार्करची शाई फासायची आणि दगडाला हलकेच लावून बघायचं. शाई फक्त टोकाला गेली तर कोन जास्त उभा झालाय, फक्त मागे गेली तर जास्त झोपलाय, सगळीकडून गेली तर बरोबर. शेवटी निसण्यावर दोन-चार हात. लोहारदादा एकदा शाळेत येऊन गेले आणि त्यांनी मोटरच्या ग्राइंडरवर मुद्दाम एक जुना तुकडा तापवून दाखवला. पोलाद आधी पिवळसर होतं, मग जांभळं, मग निळं. ‘निळं झालं म्हणजे पाणी उतरलं,’ ते म्हणाले. पोलादाला पाणी देणं, पाणी उतरणं, हे शब्द मुलांनी पहिल्यांदा ऐकले. म्हणून कमानपाट्याचं हत्यार धार लावताना सारखं पाण्यात बुडवायचं. हायस्पीडचं मात्र तापलेलं पाण्यात बुडवायचं नाही, बारीक तडे जाऊ शकतात. दोन्हींचे नियम उलट, आणि मुलांना असले उलटे नियम बरोबर लक्षात राहतात.

तेव्हा माझी शिफारस अशी आहे, पटो न पटो: शाळेला पैसे मिळाले तर आधी दगड आणि निसणा घ्या, मग लोहाराकडून दोन जाडजूड शेपटाच्या पटाश्या, आणि मग उरले तर हायस्पीडची एक, शिक्षकाने दाखवण्यापुरती. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. यंत्र येतं, फीत कापली जाते, फोटो निघतो आणि दगडाला पैसे नसतात. आणि हो, कोणतीही रफिंग गाऊज घ्या, पोळपाटाला चालवू नका. लाटण्यात लाकडाचे तंतू लेथच्या अक्षाच्या दिशेने असतात, पोळपाटात ते आडवे येतात. तिथे ती रुतली तर शेपटापाशी मोडून अंगावर येऊ शकते.

माझ्याच सहकारी बाईंनी विचारलं, ‘एवढा व्याप करायचा कशाला? कार्यानुभवाचे गुण तर सगळ्यांना मिळतातच.’ मिळतात, खरं आहे. कागदी फुलांचा गुच्छ आईने रात्री जागून केलेला असतो, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला असतो, आणि आपण त्यावर ‘अ’ श्रेणी देतो. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तउद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला, आता २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस आणि सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकणं लिहिलेलं आहे. कागदावर कधीच काही कमी नव्हतं. पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुलं खरी हत्यारं वापरून खरी कामं करतात, म्हणजे हे आपल्या राज्यात होऊ शकत नाही असंही नाही.

अडतं ते आपल्या भीतीपाशी, आणि त्या भीतीला मी हसणार नाही. नख गेलेल्या मुलाच्या आईसमोर मी बसले आहे. म्हणून लेथ पुन्हा सुरू करण्याआधी पालकांची बैठक घेतली, त्यांच्यासमोर एक लाटणं कातलं आणि अटी सांगितल्या. एका वेळी दोनच मुलं, एक हत्यारावर, एक स्विचवर. बुटक्या मुलांसाठी फळ्यांचा चौथरा, म्हणजे लाकूड कोपराच्या उंचीवर येतं. तोंडावर पारदर्शक ढाल. हातमोजे अजिबात नाहीत, कारण फिरत्या लाकडात मोजा अडकला तर हात ओढला जातो. केस बांधलेले, ओढणी बाहेर काढून ठेवलेली. मी स्वतः त्या दिवशी साडी नेसत नाही.

सगळ्यात जास्त वाद कशावर झाला असेल? मनगटातल्या दोऱ्यांवर. राखी, गंडा, देवाचा धागा. एक आजोबा म्हणाले, ‘बाई, धागा काढायचा नाही, तो रक्षणासाठीच बांधलाय.’ मी त्यांना लेथपाशी नेलं, सुतळीचा एक तुकडा फिरत्या लाकडाला लावला. एका क्षणात माझ्या हातातून सुटून तो गुंडाळला गेला. आजोबा काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांची नात येताना धागा खिशात घेऊन आली, आणि तास संपल्यावर मैत्रिणीकडून पुन्हा बांधून घेतला. आता कार्यशाळेच्या दारात एक डबा ठेवलाय, घड्याळं, बांगड्या, धागे त्यात.

दुसरा प्रश्न एका वडिलांनी विचारला, आणि तो मला जास्त लागला. ‘आम्ही मुलाला सुतार करायला शाळेत घातलं का?’ खोलीत कातारी काकाही बसले होते, मी त्यांना बोलावलं होतं. मला काय उत्तर द्यावं सुचेना. काकाच म्हणाले, ‘नका करू सुतार. माझा पोरगा पण नाही करत, तो बँकेत आहे. पण मी त्याला धार लावायला शिकवली आहे.’ ते गृहस्थ हसले, पण संमतीपत्रावर सही करायला त्यांना आणखी पंधरा दिवस लागले. दोन पालकांनी अजूनही केलेली नाही. त्यांची मुलं तासाला येतात, छिलक्यांचं वजन करतात. चौकोनाचा सर्वांत मोठा गोल केला तर साडेएकवीस टक्के लाकूड जातं, हे गणिताने निघतं. आमचं नेहमी पंचवीसच्या पुढे जातं, आणि जास्तीचं कुठे गेलं यावर रोज भांडण होतं.

ज्याचं नख गेलं होतं तो मुलगा आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत एकदा दारात येऊन उभा राहिला. मी विचारलं, येतोस का? त्याने पटाशी उचलली, खिडकीकडे गेला, धार उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाला, ‘बाई, डाव्या कोपऱ्यात रेघ आहे.’ होती. मी त्याला निसणा दिला.

दिवाळीनंतर भोवरे कातायचे आहेत. आंब्याचं लाकूड त्याला हलकं पडतं, बाभळीचं हवं. कोणाकडे छाटणीच्या बाभळीच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या असतील तर जाळू नका, शाळेत आणून द्या. टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावून सावलीत ठेवल्या तर कमी तडकतात.